कंसात अडकलेला राजा

संगणकावरच्या खेळात राजा जन्माला घालायचा, तर त्याला नाव हवं, घराणं हवं, जन्मतारीख हवी आणि शेवटी एक बंद कंस हवा. पहिल्या तीन गोष्टी कुणी विसरत नाही. घोळ होतो तो चौथीपाशी.

हा खेळ म्हणजे 'क्रुसेडर किंग्ज ३'. स्वीडनमधल्या पॅराडॉक्स कंपनीनं तो २०२० साली आणला. व्यूहरचनेचा खेळ आहे, पण त्यात फौजेपेक्षा माणसांना महत्त्व जास्त. लग्नं, वारसा, भाऊबंदकी, दगाफटका असा सगळा संसार आहे. सुरुवातीला आपण ८६७ किंवा १०६६ साल निवडायचं. २०२४ मध्ये ११७८ या सालाची भर पडली. नकाशावर युरोपबरोबर आपला देशही आहे. इतिहासात ८६७ साली दख्खनवर राष्ट्रकूट अमोघवर्षाचं राज्य होतं, १०६६ साली कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचं. साहजिकच आपल्याकडच्या मुलांना वाटतं, यात आपल्या मातीतली आणखी माणसं असावीत.

तशी सोय आहे. खेळातल्या हजारो माणसांची माहिती साध्या मजकुराच्या फाइलींत असते आणि त्या कुणालाही वाचता येतात. आपली वेगळी फाइल करून भर घालायची, याला 'मॉड' म्हणतात. माझ्या भाच्यानं देवगिरीचे यादव घ्यायचं ठरवलं. पाचवा भिल्लम, ज्यानं चालुक्यांचं मांडलिकत्व झुगारून स्वतंत्र राज्य उभारलं, आणि त्याचा मुलगा जैतुगी. याच घराण्यातल्या रामचंद्राच्या काळात ज्ञानेश्वरी लिहिली गेली, म्हणजे निवड काही वाईट नव्हती. रात्रभर टंकन करून त्यानं खेळ सुरू केला, तर भिल्लम दिसेना. "मामू, सगळं बरोबर लिहिलंय, तरी येत नाही. पुसूनच टाकतो," म्हणाला.

पुसून टाकायची घाई करू नये, एवढ्यासाठीच हे सगळं सांगतो आहे. खेळ गप्प बसलेला नसतो. त्यानं आपली तक्रार 'एरर लॉग' नावाच्या फाइलीत लिहून ठेवलेली असते. डॉक्युमेंट्समध्ये पॅराडॉक्सच्या फोल्डरात खेळाच्या नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या 'लॉग्ज'मध्ये ती सापडते. खेळ 'डीबग मोड' लावून सुरू केला, तर चुका शोधणं आणखी सोपं जातं. ही फाइल उघडली की नवखा माणूस घाबरतो, कारण ओळींची रांगच लागलेली असते. त्यातल्या काही ओळी तर मूळ खेळाच्याच असतात. म्हणून आधी मॉड बंद करून एकदा खेळ चालवावा, त्या वेळची नोंद बाजूला ठेवावी आणि मग ताडून पाहावं. जे वाढलं, ते आपलं.

आता कंसाकडे येऊ. प्रत्येक पात्राची माहिती महिरपी कंसात असते आणि आत जन्म, मृत्यू यांचे छोटे कंस. भिल्लमाचा शेवटचा कंस राहिला, की संगणकाच्या लेखी भिल्लम संपतच नाही. पुढचा जैतुगी त्याला भिल्लमाच्या पोटातलाच मजकूर वाटतो, त्याच्या पुढचाही तसाच. त्यामुळे तक्रार येते ती भलत्याच ओळीवर, कधी थेट फाइलीच्या शेवटी. माणूस ती ओळ शंभरदा वाचतो. तिथं काही चुकलेलं नसतंच. लॉगमधला ओळीचा आकडा म्हणजे जिथं संगणक अडखळला ती जागा. खड्डा त्याच्या आधी कुठंतरी असतो. तेव्हा आकड्यापासून वर वर वाचत जावं. फाइल लांबलचक असेल, तर अर्धी पात्रं बाजूला काढून खेळ चालवावा. तक्रार गेली, तर दोष काढलेल्या भागात. राहिली, तर उरलेल्या भागात. पुन्हा त्याचे दोन भाग. पाचसहा फेऱ्यांत माणूस सापडतो. आणि नेहमी सगळ्यांत वरची चूक आधी दुरुस्त करावी, खालच्या वीस ओळी तिच्याच पिलावळीतल्या असू शकतात.

भाच्याचा कंस सापडला. मग भिल्लम आला, पण नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती खूण घेऊन. ही वेगळी तऱ्हा. पडद्यावर दिसणारी नावं निराळ्या फाइलीत असतात आणि ती 'यूटीएफ-८ बॉम' या प्रकारातच जतन करावी लागते. फाइलीच्या आरंभी डोळ्यांना न दिसणारी एक खूण असते, ती नसेल तर खेळ कुरकुरतो. चांगल्या संपादकात, उदाहरणार्थ नोटपॅड प्लस प्लसमध्ये, हा प्रकार निवडता येतो. स्वभावगुणांचे शब्दही खेळातले जसेच्या तसे हवेत. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर शूर राजा बिनगुणाचा राहतो. आपल्या फाइलीला मूळ फाइलीचंच नाव दिलं, तर मूळ फाइलच झाकली जाते आणि तिच्यातली सगळी माणसं गायब होतात. आणखी एक, अशी ऐतिहासिक पात्रं नवा डाव मांडल्यावरच दिसतात. जुन्या जतन केलेल्या डावात ती शोधत बसू नये.

मला जास्त काळजी वाटते ती ज्या चुकांची तक्रारच येत नाही त्यांची. खेळात बाप नावानं लिहीत नाहीत, क्रमांकानं लिहितात. जैतुगीच्या बापाचा क्रमांक लिहिताना एक आकडा चुकला आणि तो फ्रान्समधल्या एखाद्या सरदाराचा निघाला, वयही जुळलं, तर संगणकाला त्यात वावगं काही दिसत नाही. देवगिरीचा वारस फ्रेंच होतो. लॉग कोरा असूनही घराण्याची वंशावळ उघडून डोळ्यांनी पाहावी, ती याचसाठी.

आणि जन्मतारीख. भिल्लमाचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे इतिहास सांगत नाही. फाइलीला मात्र साल, महिना, दिवस तिन्ही हवं असतं. भाच्यानं ११४० ची १ जानेवारी घातली. खेळ खूश, लॉग स्वच्छ. पण अशी फाइल मित्रांत फिरते, मॉड शेकडो जण उतरवून घेतात आणि चार वर्षांनी कुणीतरी ती तारीख शाळेच्या प्रकल्पात लिहितो. या भाषेत हॅश नावाची, दोन उभ्या-दोन आडव्या रेघांची खूण आहे. तिच्यानंतरचा मजकूर संगणक वाचत नाही, तो फक्त माणसांसाठी असतो. भाच्याच्या फाइलीत त्या तारखेसमोर आता ही खूण आहे आणि पुढे लिहिलं आहे : साल अंदाजे, पुरावा मिळाल्यास बदलणे.