मिस्सेतले वाचन घरी आणताना
नाताळानंतरच्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये सहसा पवित्र कुटुंबाचा सण असतो. त्या दिवशीच्या मिस्सेत सिराखच्या पुस्तकातला तिसरा अध्याय अनेकदा वाचतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले हे ज्ञानपर पुस्तक कॅथलिक बायबलच्या 73 पुस्तकांपैकी एक. त्यातला उपदेश फार नेमका आहे: म्हातारपणी वडिलांची बुद्धी चळली, तरी त्यांना सांभाळून घ्या, त्यांचा पाणउतारा करू नका. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या आजोबांना न चिडता उत्तर देणे किती अवघड! श्रद्धेचा खरा कस तिथेच लागतो, असे मला वाटते. हा उपदेश घरी आणण्याची एक सोपी वाट आहे. वसईतल्या अनेक कॅथलिक घरांत संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होते. तिच्याआधी रविवारचे वाचन घरात मोठ्याने वाचा. आजी-आजोबांनाही वाचू द्या.