गेम, मस्टर आणि राजीनामे

‘असॅसिन्स क्रीड’ या गाजलेल्या गेममालिकेतला ‘वल्हाला’ हा भाग नोव्हेंबर २०२०मध्ये बाजारात आला. व्हायकिंगांच्या काळातलं इंग्लंड उभं करणाऱ्या या गेमच्या कामाचे अखेरचे महिने टाळेबंदीत गेले. नेतृत्व युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओकडे, सोबतीला निरनिराळ्या देशांतले डझनभराहून अधिक स्टुडिओ आणि माणसं आपापल्या घरात. तरी गेम वेळेवर आला आणि तुफान चालला.

त्याच माँट्रियलमध्ये सप्टेंबर २०२३मध्ये आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात येण्याचं बंधन आलं. पूर्ण वेळ घरून काम करता येईल या भरवशावर ज्यांनी आयुष्याची घडी बसवली होती, ते चिडले. वर्षभराने कंपनीने जगभर तीन दिवसांचा नियम जाहीर केला. फ्रान्समधल्या ‘एसटीजेव्ही’ या गेम-कामगारांच्या संघटनेने १५ ते १७ ऑक्टोबर २०२४ असा संप पुकारला. या नियमामुळे सहकाऱ्यांच्या नोकऱ्या जातील आणि प्रकल्प विस्कळीत होतील, असा तिचा इशारा होता.

नोकरी सोडून माणसं सगळीकडेच जातात. गेमच्या धंद्यात ते अधिक का झोंबतं, हे समजायला गेम कसा घडतो ते पाहावं लागतं. मोठा गेम चार-पाच वर्षं शिजत असतो. अनेक मोठे स्टुडिओ स्वतःच बांधलेल्या ‘इंजिन’वर काम करतात. दृश्य, प्रकाश, हालचाल, धडक या सगळ्यांचा हिशेब ठेवणारं हे मूळ सॉफ्टवेअर. ‘असॅसिन्स क्रीड’चं ‘अ‍ॅन्व्हिल’ त्यातलंच. त्याच्या खाचाखोचा बाहेर कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. समजा, उतारावर घोडा अडखळतो. तो नीट करायला गेलं की नदीतली होडी का बिघडते, हे बहुधा तो भाग लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं. असा माणूस तिसऱ्या वर्षी निघून गेला, तर त्याच्या जागी आलेला हुशार गडीसुद्धा कित्येक महिने आधीच्याचं लिखाण उलगडत बसतो. तोवर चित्रकार, अ‍ॅनिमेटर, चाचणी करणारे, सगळे खोळंबतात.

आणि जातं कोण? पिट्सबर्ग विद्यापीठातल्या आणि इतर काही अभ्यासकांनी तंत्रज्ञान व वित्त क्षेत्रातल्या ५४ बड्या अमेरिकी कंपन्या तपासल्या. (अभ्यास केवळ गेमचा नव्हे, पण गेमवाले त्याच तंत्रज्ञांच्या बाजारातून माणसं घेतात.) कार्यालयाची सक्ती झाल्यावर गळती वाढली. स्त्रिया, वरिष्ठ आणि अधिक कुशल कर्मचारी यांच्यात ती जास्त दिसली. रिकाम्या जागा भरायलाही जास्त वेळ लागला. ज्याला दुसरीकडून बोलावणं येतं तो आधी उठतो, यात नवल नाही. उलट बाजूचा पुरावाही आहे. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ जणांवर प्रयोग झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामाचा दर्जा घसरला नाही.

व्यवस्थापनाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. नवखी पोरं शेजारच्या खुर्चीकडे बघून शिकतात, हे खरंच आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ बनवणाऱ्या रॉकस्टारने एप्रिल २०२४पासून पाचही दिवस बोलावलं, तेव्हा सुरक्षितता हे एक कारण दिलं होतं. २०२२मध्ये त्यांच्या अपुऱ्या गेमच्या सुमारे ९० चित्रफिती फुटल्या होत्या, तेव्हा धास्ती समजू शकते.

युबिसॉफ्टच्या बाबतीत मात्र तारखा बोलतात. जानेवारी २०२६मध्ये पाच दिवसांची हजेरी जाहीर झाली, त्याच घोषणेत खर्चकपात होती, दोन स्टुडिओ बंद होणार होते आणि सहा गेम रद्द झाले होते. कपातीत नुकसानभरपाई द्यावी लागते, राजीनाम्यात नाही. पण कपातीत कोणाला नारळ द्यायचा हे निदान कंपनी ठरवते. राजीनाम्यांची यादी तिच्या हातात नसते.

रद्द झालेल्यांत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या ‘सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती होती. २०२०मध्ये ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंचं काम म्हणून जाहीर झाली होती, २०२२मध्ये ती माँट्रियलला गेली. गेम महासागर ओलांडून हलवता आला, तेव्हा एकाच छताखाली बसण्याचा मुद्दा कुणी काढला नव्हता.