फोनचं इंटरनेट संगणकाला कसं जोडाल?

अनुदानाचा अर्ज भरायचा किंवा डिजिटल सहीचा १५ रुपयांचा सातबारा काढायचा, तर फोनचा पडदा अपुरा पडतो. घरात मुलांचा संगणक असतो, पण त्याला इंटरनेट नसतं. मग शेतातलं काम टाकून तालुक्याला खेटे कशाला? खिशातल्या फोनचंच इंटरनेट संगणकाला देता येतं.

१) फोन वायरने संगणकाला जोडा. काही स्वस्त वायरी नुसतं चार्जिंग करतात. त्या चालत नाहीत.

२) मोबाइल डेटा चालू ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘हॉटस्पॉट व टेदरिंग’ उघडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनही चार्ज होत राहतो.

३) वायर नसेल तर वाय-फाय हॉटस्पॉट लावा. पासवर्ड ठेवाच, नाहीतर विहीर आपली आणि भिजवण शेजाऱ्याचं!

खबरदारी : संगणक आपणहून मोठे अपडेट उतरवतो. दिवसाचा डेटा तासाभरात संपतो आणि अर्ज अर्धवट राहतो. म्हणून विंडोजमध्ये त्या जोडणीसाठी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. काम झालं की टेदरिंग बंद करा.

व्हॉट्सॲपही संगणकावर उघडतं. संगणकावर दिसणारा चौकोनी कोड फोनच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून टिपा. मग किडलेल्या पानाचा फोटो मोठा करून नीट बघता येतो.

संगणक दुसऱ्याचा असेल तर उठण्याआधी लॉग आउट कराच. आणि फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. घराची किल्ली आपण वाटेवर ठेवतो का?