शाईचा नियम आणि तीन पायऱ्या

मतदान केंद्रात शाई लावतात ती डाव्या हाताच्या तर्जनीला. तर्जनीच नसेल तर? निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये त्याचंही उत्तर आहे. मग डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट चालतं. त्या हाताला बोटं नसतील तर उजव्या हाताचं. दोन्ही हातांना बोटं नसतील तर हात जिथे संपतो ते टोक. म्हणजे हातांना एकही बोट नसलेला मतदार येईल, हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. चिंता अर्थात दुबार मतदानाची होती. तो मतदार शाईच्या टेबलापर्यंत पोहोचणार कसा, हे विचारायला पुढे चाळीसहून अधिक वर्षं गेली.

विचारलं ते जावेद अबिदी यांनी. स्वतः व्हीलचेअर वापरणारे अबिदी २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर ‘डिसेबल्ड राइट्स ग्रुप’तर्फे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ एप्रिल २००४ रोजी, निवडणूक दारात असताना, न्यायालयाने शहरांतल्या केंद्रांवर लाकडी रॅम्प लावण्याचा अंतरिम आदेश दिला. आज प्रत्येक केंद्राच्या किमान सुविधांच्या यादीत पाणी, सावली, स्वच्छतागृह यांच्याबरोबर रॅम्पही असतो.

यादीत असतो. आपल्याकडची बहुतेक मतदान केंद्रं शाळांमध्ये भरतात, आणि शाळांचं जोतं पावसाच्या धास्तीने उंच बांधलेलं असतं. तीन पायऱ्या धरू, प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या. एकूण चढ ४५ सेंटिमीटर. उतार एकास बारा असावा, असं सुगम्यतेचं मानक सांगतं. त्या हिशेबाने रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा, म्हणजे जवळपास अठरा फूट. शाळेच्या व्हरांड्यासमोर एवढी जागा अनेकदा नसतेच. मग सहा-सात फुटांची फळी टाकली जाते आणि यादीत बरोबरची खूण होते. अशा फळीवरून वर जाताना मागून जोर लावायला माणूस लागतो, आणि उतरताना तर जीव मुठीत धरावा लागतो. शेवटी चार स्वयंसेवक मतदाराला खुर्चीसकट उचलतात. लोकशाहीच्या उत्सवाचा म्हणून तोच फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतो. उचलणाऱ्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही, पण मला तो फोटो रॅम्प चुकल्याची पावती वाटतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सुगम्यतेची मानकं ऐच्छिक ठेवता येणार नाहीत. फळीच्या लांबीवर त्याचा परिणाम व्हायचा आहे.

पायऱ्या निदान दिसतात. गुप्त मतदानाचा प्रश्न दिसतही नाही. १९६१ च्या त्याच नियमांतल्या ४९-एन नुसार अंध किंवा शारीरिकदृष्ट्या असमर्थ मतदाराला सोबती नेता येतो. सोबती किमान अठरा वर्षांचा हवा, एका दिवशी त्याने एकाच मतदाराला मदत करायची आणि मत कुणाला दिलं ते कुठे बोलणार नाही असं लिहून द्यायचं. तरतूद चांगलीच आहे. पण सोबत न्यायची की नाही, हे मतदाराने ठरवायचं. प्रत्यक्षात टेबलापलीकडचा कर्मचारी विचारतो ते सोबत्याला: ‘यांचं नाव काय? यांना सही येते का?’ ‘हे’ समोरच उभे असतात, कानांनी ठणठणीत.

एकट्याने मत देण्याची सोय आहे. २००४ मध्ये हैदराबादच्या आसिफनगर पोटनिवडणुकीत मतदान यंत्रावर ब्रेल प्रथम वापरून पाहिलं गेलं आणि २००९ च्या लोकसभेपासून ते देशभर आलं. केंद्राध्यक्षाकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका असते. ती बोटांनी वाचायची, आपल्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवायचा, आडोशाला जाऊन यंत्राच्या उजव्या कडेचे ब्रेल आकडे चाचपायचे आणि त्याशेजारचं निळं बटण दाबायचं. लांब बीप वाजतो. इथपर्यंत सगळं स्वतःचं स्वतः. मग व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी येते, सात सेकंद दिसते आणि खाली पडते. मत योग्य ठिकाणी गेलं याची खात्री प्रत्येक मतदाराला पटावी म्हणून हे यंत्र आणलं, पण अंध मतदाराच्या वाट्याला त्यातला फक्त आवाज येतो. चिठ्ठी वाचून घ्यायची तर पुन्हा सोबती आला, म्हणजे गुप्तता गेली.

अलीकडे कौतुक होतं ते घरून मतदानाचं. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणि पंचाऐंशीच्या वरच्यांना २०२४ च्या लोकसभेत ही सोय प्रथमच देशभर मिळाली. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यायचा. मग कर्मचारी, पोलीस, व्हिडिओवाला असं पथक मतपत्रिका घेऊन दारात येतं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी यासारखी सोय नाही. पण एकदा १२-ड मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ज्याला चार लोकांत मिसळून, रांगेत उभं राहून मत द्यायचंय, त्यालाही ‘काका, तुम्ही घरूनच द्या की’ असं सुचवलं जायला लागलं, तर रॅम्पची निकड कुणाला उरेल?

हे सगळं ज्यांच्यासाठी, त्यांची नोंद किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. २०२४ च्या मतदार यादीत देशभरात दिव्यांग अशी नोंद असलेले मतदार होते ८८ लाखांच्या आसपास. जनगणनेतली मुलं वगळली तरी ही तफावत डोंगराएवढी उरते. ही माणसं यादीत नाहीत असं नव्हे. अनेकांच्या नावापुढे खूण नाही, एवढंच. खूण नसेल तर व्हीलचेअर कुठल्या केंद्रावर पाठवायची हे कळणार कसं? ही नोंद नमुना ८ भरून होते, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) किंवा मोबाइलवर.

मनोरुग्णांना मताधिकारच नसतो, हा गैरसमजही जुना. कायद्याने मताधिकार जातो तो सक्षम न्यायालयाने तसं घोषित केलं तरच. डॉक्टरच्या चिठ्ठीने किंवा घरच्यांच्या म्हणण्याने नाही. २०१९ मध्ये चेन्नईच्या किल्पॉक मनोरुग्णालयातल्या रुग्णांनी रुग्णालयाच्या आवारातच मत दिलं.

मत देण्यापलीकडे सभागृहात बसण्याचाही प्रश्न आहे. छत्तीसगडने २०१९ मध्ये पंचायतींत दिव्यांग सदस्य नेमण्याची तरतूद केली; तामिळनाडूने २०२५ मध्ये ग्रामीण आणि शहरी, दोन्ही स्थानिक संस्थांसाठी तसेच कायदे केले. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. तो कशावर खर्च व्हावा हे ठरवणाऱ्या बैठकीत एखादा दिव्यांग सदस्य असेलच, अशी मात्र तजवीज नाही.