गोळी मिळते, पण बोलायचं कुणाशी?

इंग्लंडमध्ये गर्भनिरोधक गोळी घ्यायची तर आता डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत थांबावं लागत नाही. एप्रिल 2023 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने नवी सोय सुरू केली. आधीपासून गोळी घेणाऱ्यांना पुढची पाकिटं घराजवळच्या औषध दुकानातून मिळू लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून पहिलं पाकीटही तिथेच मिळतं, आणि तेही फुकट.

यात काय नवल, असं आपल्याकडे कुणीही म्हणेल. माला-डी ही गोळी आपल्या केमिस्टकडे कितीतरी वर्षं मिळते. तातडीची गोळीही 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते. खरं आहे, नुसत्या मिळण्याचं म्हणाल तर आपण पुढेच होतो. इंग्लंडच्या योजनेत बघण्यासारखं आहे ते गोळी हातात पडण्याआधी जे घडतं ते.

दुकानातच एका बाजूला छोटी खोली असते, दार लावून घेता येणारी. आत खुर्च्या आणि बीपीचं यंत्र. फार्मासिस्ट विचारतात: सिगारेट ओढता का? वय पस्तीसच्या पुढे आहे का? अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते का? घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? सगळे प्रश्न एकाच कारणासाठी. नेहमीच्या गोळीत दोन संप्रेरकं असतात. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका किंचित वाढतो आणि अशा बायकांमध्ये तो जास्तच वाढू शकतो. बीपी 140/90 किंवा त्याहून वर असेल तर ही गोळी देत नाहीत. मग इस्ट्रोजेन नसलेली दुसरी गोळी बसते का, ते पाहतात. हे फार्मासिस्टच्या मनावर नसतं. कुणाला द्यायची, कुणाला नाही, याचे लेखी नियम आधीच ठरलेले असतात आणि त्यांत न बसणारीला डॉक्टरकडे पाठवतात.

खरी मेख पुढे आहे. या बोलण्याचे पैसे सरकार दुकानाला वेगळे देतं. सुरुवातीला ते दर सल्ल्यामागे 18 पौंड होते. वेळ देणं दुकानाला परवडतं ते त्यामुळे.

आपल्याकडे फार्मासिस्टने औषधाबद्दल समजावून सांगावं, असं 2015 चे फार्मसीविषयक नियमही म्हणतात. पण संध्याकाळी सातला केमिस्टच्या काउंटरपुढे उभं राहून बघा. मागे खोकल्याचं औषध मागणारे चौघे, शेजारी ओळखीचे काका. बाई हळूच नाव सांगते, दुकानातला मुलगा पाकीट कागदात गुंडाळून पुढे सरकवतो, संपलं. पॅडसुद्धा जिथे काळ्या पिशवीतून जातात, तिथे अर्धशिशीचं कोण विचारणार? शिवाय माला-डीच्या एका पाकिटावर दुकानदाराला सुटणार ते किती! त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तसं या विषयावर मोकळेपणी बोलणं मराठीला नवं नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटलाही झाला.

मधल्या काळात आपण गोळीपेक्षा शस्त्रक्रियेवरच भिस्त ठेवली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्क्यांनी नसबंदी करून घेतलेली होती. गोळी घेणाऱ्या होत्या 5.1 टक्के. दोन मुलांत अंतर हवं असलेल्या पंचविशीतल्या बाईला नसबंदीचा काय उपयोग?

इंग्लंडसारखी सोय आपल्याकडे येईल तेव्हा येईल, तोवर काउंटरवर कुणी विचारलं नाही तर आपणच सांगावं. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा भरवसा राहत नाही. आपल्याकडे क्षयाचे एवढे रुग्ण असताना हे तरी सांगायलाच हवं. फिटच्या काही औषधांचंही तेच. बाळ अंगावर पीत असेल आणि सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर माला-डीऐवजी दुसरं काही विचारावं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची ‘छाया’ ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि तिच्यात संप्रेरक नसतं. आशाताईंना विचारलं तरी चालेल. आणि माला-डीच्या पाकिटातल्या शेवटच्या सात वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. त्याही रोज एक घ्यायच्या आणि अठ्ठाविसावी संपली की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट सुरू करायचं, पाळी थांबली नसली तरी.