एका सेकंदात फिरलेला सामना: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या ‘स्पेशल टीम’ची गोष्ट

क्रिकेट पाहताना आपण नेहमी बॅटिंग आणि बोलिंगबद्दलच बोलतो. पण एक सुटलेला कॅच किंवा एक अचूक थ्रो सगळी मॅच फिरवून टाकतो, हेही आपल्याला चांगलंच ठाऊक असतं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्येही असाच एक विभाग आहे, ज्याची चर्चा कमी होते, पण जो खूप काही ठरवून जातो. त्याचं नाव ‘स्पेशल टीम’.

अमेरिकेत शिकणारं तुमच्या घरातलं कुणी शनिवारी खचाखच भरलेल्या स्टेडियमचे फोटो पाठवत असेल, तर ते बहुधा याच खेळाचे असतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो हा नव्हे. इथला चेंडू लांबट असतो आणि तो हातात घेऊन पळायचं असतं.

स्पेशल टीम म्हणजे नेमकं काय?

मैदान 100 यार्डांचं असतं आणि दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचा ‘एंड झोन’ असतो. प्रत्येक संघाचे 11 खेळाडू मैदानात उतरतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांचा ‘ऑफेन्स’, त्यांना अडवणाऱ्यांचा ‘डिफेन्स’. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो.

चेंडूला पायाने लाथ मारायची वेळ आली की तिसरा गट मैदानात येतो. हीच स्पेशल टीम. तिची मुख्य कामं अशी:

• किकऑफ: सामना सुरू करताना किंवा गुण मिळवल्यानंतर चेंडू समोरच्या संघाकडे लांब मारणं.
• पंट: तीन प्रयत्न फसले की चौथ्यावर चेंडू शक्य तितका दूर मारणं.
• फील्ड गोल: दोन खांबांच्या मधून चेंडू मारून 3 गुण मिळवणं.
• रिटर्न: समोरच्याने मारलेला चेंडू झेलून तो घेऊन पळत सुटणं.

यातला पंट वरवर अगदी साधा वाटतो. पण समजा, तुमचा संघ स्वतःच्याच एंड झोनजवळ अडकलाय. चौथा प्रयत्न फसला, तर समोरच्यांना अगदी दारातच चेंडू मिळेल. तेव्हा 40-45 यार्डांचा एक चांगला पंट त्यांना पुन्हा लांब ढकलतो. गुण एकही मिळत नाही, पण संकट टळतं.

30 नोव्हेंबर 2013 ची ती संध्याकाळ

स्पेशल टीमचं महत्त्व सांगायला एकच सामना पुरेसा आहे. अलाबामा राज्यातल्या ऑबर्न आणि अलाबामा या दोन विद्यापीठांच्या दरवर्षीच्या लढतीला ‘आयर्न बोल’ म्हणतात. त्या दिवशी अलाबामाचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. 2011 आणि 2012 या दोन्ही मोसमांचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडे होतं आणि डोळे तिसऱ्यावर होते.

स्कोअर 28-28. वेळ संपली असं वाटलं, पण पंचांनी रिप्ले पाहून घड्याळात एक सेकंद परत टाकला. अलाबामाचे कोच निक सेबन यांनी 57 यार्डांचा फील्ड गोल मारायचं ठरवलं. हे अंतर फारच लांबचं होतं. ही जबाबदारी पहिल्या वर्षात खेळणाऱ्या अॅडम ग्रिफिथवर आली.

चेंडू थोडा कमी पडला. इथे एक नियम कामाला आला. कमी पडलेला चेंडू समोरच्या खेळाडूने झेलला, तर तो घेऊन पळता येतं. ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस एंड झोनच्या अगदी मागच्या टोकाला उभाच होता. त्याने चेंडू झेलला आणि धूम ठोकली. फील्ड गोलसाठी अलाबामाने उतरवलेले बहुतेक खेळाडू धिप्पाड होते. किकरसमोर भिंत उभी करणं हे त्यांचं काम, चपळ धावपटूला गाठणं नव्हे. डेव्हिस मैदानाच्या डाव्या कडेने थेट दुसऱ्या टोकाला पोहोचला आणि ऑबर्न 34-28 ने जिंकलं. ही धाव आज ‘किक सिक्स’ म्हणून ओळखली जाते.

आणि किकरचं काय झालं?

त्याच सामन्यात अलाबामाचा दुसरा किकर केड फॉस्टर याचे तीन फील्ड गोल वाया गेले होते. त्यातला एक तर ऑबर्नने अडवला होता. सामन्यानंतर सोशल मीडियावर या कॉलेजच्या मुलाला शिवीगाळ झाली, जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. आपल्याकडे कॅच सोडणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला जे येतं, तेच.

पण एक पत्रही आलं. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला स्वतःच्या हाताने लिहून धीर दिला. फॉस्टरच्या जर्सीचा नंबर 43 होता आणि बुश हे अमेरिकेचे 43 वे राष्ट्राध्यक्ष. पत्रात त्यांनी या योगायोगाचाही उल्लेख केला होता.

दोन वर्षांनी तोच पाय

ग्रिफिथची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. 11 जानेवारी 2016 ला राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना होता, अलाबामा विरुद्ध क्लेम्सन. शेवटच्या सत्रात स्कोअर 24-24 झाला. आता नेहमीसारखा लांब किकऑफ होणार, असंच सगळ्यांना वाटत होतं.

क्लेम्सनचे खेळाडू एका बाजूला गोळा होऊन उभे राहतात आणि दुसरी बाजू मोकळी सोडतात, हे अलाबामाच्या कोचनी हेरलं होतं. ग्रिफिथने त्याच मोकळ्या जागेत चेंडू अलगद उंच उडवला. याला ‘ऑनसाइड किक’ म्हणतात. चेंडू 10 यार्ड पुढे गेला की किक मारणाऱ्या संघालाही तो पकडता येतो. मार्लन हम्फ्रीने तो धावता धावता झेलला. क्लेम्सनला चेंडू मिळालाच नाही आणि दोनच चालींनंतर अलाबामाने टचडाऊन केला. पुढे केनियन ड्रेकने किकऑफ झेलून 95 यार्ड पळत आणखी एक टचडाऊन मिळवला. सामना अलाबामाने 45-40 असा जिंकला.

ज्या किकरच्या लाथेवर एक मोसम हातचा गेला होता, त्याच्याच लाथेने दुसऱ्या मोसमात विजेतेपदाची वाट मोकळी केली. कोचनी त्याच्यावरचा विश्वास सोडला नाही, म्हणून हे घडलं.

संधी कुणाला मिळते?

कॉलेज संघांत ‘वॉक-ऑन’ नावाचे खेळाडू असतात. त्यांना खेळासाठी स्कॉलरशिप नसते, तरी ते रोज सरावाला येतात. अशा कित्येकांना मैदानात पहिलं पाऊल स्पेशल टीममधूनच टाकता येतं. ‘लाँग स्नॅपर’चं तर एकच काम: दोन पायांमधून चेंडू मागे अचूक फेकायचा. शंभर वेळा बरोबर फेकला तर त्याचं नावही कुणाला कळत नाही, एकदा चुकला की सगळ्या देशाला कळतं.

सगळेच कोच या कामाला दुय्यम मानत नाहीत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे फ्रँक बीमर 1987 ते 2015 पर्यंत कोच होते. स्पेशल टीम ते स्वतः सांभाळायचे आणि आपले उत्तम खेळाडूही त्यात उतरवायचे. समोरच्यांच्या किक अडवण्यात त्यांचा संघ इतका तरबेज झाला, की या पद्धतीला ‘बीमरबॉल’ असं नावच पडलं.

पुढच्या वेळी अमेरिकेतून एखाद्या सामन्याचा व्हिडिओ आला, तर फक्त टचडाऊन पाहू नका. किक मारायला येणाऱ्या त्या एकट्या मुलाकडे जरा लक्ष द्या. आणि त्याची किक हुकलीच, तर कमेंट टाइप करण्याआधी ग्रिफिथला आठवा.