घराचे रंग : सागवानी पलंगामागची भिंत

  हिंगणघाटहून एका ताईंचं पत्र आलं आहे.

ताईंच्या निजायच्या खोलीत सासऱ्यांच्या काळातला सागवानी पलंग आहे, उशाकडच्या फळीवर वेलबुट्टी कोरलेला. शेजारी अलीकडे करून घेतलेलं प्लायचं कपाट, त्यावर गडद तपकिरी सनमायका. कोपऱ्यात हिरवट राखाडी रंगाचं जुनं लोखंडी कपाट. यातलं काहीच बदलायचं नाही, फक्त भिंती रंगवायच्या आहेत. पेंटरचा सल्ला असा की पलंगामागची भिंत कॉफी रंगाची करा आणि बाकीच्या तीन क्रीम, म्हणजे लाकडाला मॅच होईल. ताईंनी शेवटी एका ओळीत विचारलं आहे, "खरंच होईल का?"

नाही होणार. आणि का होणार नाही, हे सांगायला मला जरा लांब पॅरिसला जावं लागेल.

तिथे गोब्लँ नावाचा भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणणारा जुना सरकारी कारखाना आहे. १८२४ साली मिशेल यूजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ त्याच्या रंगाई विभागाचे प्रमुख झाले. विणकरांची तक्रार होती की काळं सूत हवं तितकं काळं दिसत नाही, फिकं पडतं. शेव्रल यांनी ते सूत दुसऱ्या ठिकाणच्या काळ्या सुताशी ताडून पाहिलं. रंगाईत खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळं आणि जांभळं सूत विणलं जात होतं आणि त्या शेजारामुळे डोळ्याला काळा कमकुवत भासत होता. एकच रंग शेजार बदलला की वेगळा दिसतो, या गोष्टीवर त्यांनी पुढे अनेक वर्षं काम केलं आणि १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. माझा जीव मात्र त्यातल्या घरसजावटीच्या भागात अडकलेला आहे. तिथे शेव्रल सांगतात की महॉगनीच्या तांबूस लाकडावर लाल कापड चढवलं, की लाकडातली लाली मरते आणि ते अक्रोडासारखं साधं तपकिरी दिसू लागतं. भिंतींबद्दल त्यांचं म्हणणं असं की गडद रंग सगळेच टाळावेत, कारण ते उजेड खातात. पिवळा, फिकट हिरवा आणि फिकट निळा हे घ्यावेत. फिकट निळ्याबद्दल तर ते मुद्दाम नोंदवतात की पिवळसर आणि नारिंगी झाक असलेल्या लाकडांशी तो चांगला जुळतो.

आपला साग तसाच. त्याचा तपकिरी नारिंगी पोटाचा आहे. कॉफीची भिंत मागे आली की ही नारिंगी झाक निघून जाते आणि उरतं ते नुसतं मळकट लाकूड. कोरीव काम दिसतं ते सावल्यांमुळे आणि फळीच्या कडेच्या रेषेमुळे. मागची भिंत लाकडाइतकीच गडद झाली तर कडाच हरवेल, वेलबुट्टी चार हातांवरूनही कळणार नाही. पेंटर मॅच म्हणतो ते यालाच : दोन रंग एकमेकांत मिसळून जाणं. मला हवं आहे ते सासऱ्यांच्या पलंगाचं लाकूड उठून दिसणं.

शेव्रल यांचा फिकट निळा आपल्याला परका नाही. कवेलूच्या घरांमध्ये चुन्याच्या बादलीत नीळ टाकून भिंती पोतायची रीत वऱ्हाड-वर्ध्याकडे कित्येकांनी लहानपणी पाहिली असेल. वर सागाच्या तुळया, खाली सागाची चौकट, मधे निळसर पांढरी भिंत. थोडी नीळ चुन्याचा पिवळटपणा मारते म्हणून भिंत जास्त शुभ्र दिसते; जरा जास्त पडली की सरळ आभाळी होते. नीळच का, यालाही कारण आहे. चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि बरेच रंग त्यात जळून जातात. प्रशियन ब्लू हा निळा रंग चुन्यात टिकत नाही. कपड्यांची नीळ म्हणून जी पुडी मिळायची ती अल्ट्रामरीनची. हा रंग कृत्रिमरीत्या बनवण्याची रीत १८२८ च्या सुमारास युरोपात सापडली आणि तो स्वस्त झाला. चुन्यात तो पक्का राहतो, फक्त आम्लापुढे टिकत नाही. पिवडी, गेरू, हिरमजी हे मातीचे रंगही चुन्यात टिकतात, पण ते सागाच्याच कुळातले. त्यांच्यापुढे साग झळकत नाही.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो आणि इथे थोडा रेंगाळणार आहे. भिंतीचा रंग सागाशी जुळवायचा म्हणतो, तर कोणत्या सागाशी? सागाचा रंग एका जागी थांबत नाही.

आलापल्लीच्या जंगलातला किंवा बल्लारपूरच्या डेपोतला साग विदर्भाबाहेरही नावाजलेला आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड बल्लारपूरहूनच गेलं. हा साग नुकताच चिरलेला पाहिला तर ओळखू येत नाही. आतून हिरवट पिवळा, मधेच गडद पट्टे, कुठे कुठे डाग. नवखं गिऱ्हाईक घाबरतं, सुतार म्हणतो राहू द्या. उजेड लागला की काही आठवड्यांत पट्टे मवाळ होतात आणि सगळा पाट सोनेरी तपकिरी होतो. पुढे वर्षानुवर्षं तो सावकाश गडद होत जातो. खात्री करायची असेल तर पलंगावरची गादी उचला. गादीखालची फळी आणि उघडा पाय यांचा रंग सारखा नसतो.

त्यावर पॉलिशची भर. जुन्या पलंगांना चपड्याचं, म्हणजे लाखेचं, स्पिरिट पॉलिश असतं. लाख स्वतःच नारिंगी. प्रत्येक हातासरशी ती लाकडाला ऊब देते आणि जुनी झाली की काळवंडते. मेलामाइन पुढे पिवळं पडतं. पाण्यातलं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लाकडाला जवळपास आहे तसंच ठेवतं. म्हणजे ताई पलंग घासून नवं पॉलिश करणार असतील, तर आज दिसणारा रंग भिंतीशी जुळवायचा रंगच नव्हे. आधी पलंगाच्या पायाच्या आतल्या बाजूला हाताएवढ्या जागेवर नवं पॉलिश करून घ्यावं आणि त्याच्याशी भिंतीचा रंग ताडावा. कामाचा क्रम मात्र उलटा ठेवायचा : आधी भिंती, मग पॉलिश. पुट्टीच्या घासाईचा पांढरा भुगा ओल्या पॉलिशवर बसला तर तो काही केल्या निघत नाही.

सनमायका मात्र आहे तिथेच राहतो. तो छापील कागदावर चढवलेला थर आहे. त्याला वयाची चाहूल लागत नाही. म्हणून घेताना पलंगाशी तंतोतंत मिळालेलं कपाट काही वर्षांनी वेगळं पडतं. पलंग पुढे सरकलेला असतो. बायका मला विचारतात की कपाट आणि पलंग एकमेकांशी जुळत नाहीत, भिंतीने ते जुळवता येईल का. येतं. भिंत दोघांपासून सारख्याच अंतरावर ठेवायची, म्हणजे फिकट आणि शांत. भिंत दोघांपैकी एकाच्या बाजूला झुकली की दुसरा परका दिसतो. कॉफीची भिंत सनमायकाची बाजू घेते, हा तिचा आणखी एक दोष.

ताईंच्या मुलीने दुसरा पर्याय सुचवला आहे. शाळेच्या सहलीत ती सेवाग्रामला बापूकुटी पाहून आली आणि म्हणते, खोलीला तसा मातीचा रंग देऊ. मुलीची नजर चांगली आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला आले. १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली झोपडी. भिंतीवर ताडाची झाडं, चरखा असा मातीचाच उठाव त्यांनी केला आहे. तिथे वेगळा रंग वापरलेला नाही. आकृती उमटते ती सावलीने. समोर चटई, पांढऱ्या खादीची गादी, बुटकं मेज. वर कवेलू आणि बांबू.

ती खोली एकजीव दिसते याचं कारण तिच्यात चमकणारं काहीच नाही. माती, बांबू, चटई, खादी, सगळं कोरडं आणि खडबडीत. उजेड कुठेच परतून डोळ्यात जात नाही. पडव्या खाली उतरलेल्या, त्यामुळे ऊन थेट आत न येता अंगणावरून उसळून मवाळ होऊन येतं. आणि मुख्य म्हणजे पांढरी गादी. मातीच्या त्या सगळ्या छटांमध्ये पांढरं तेवढंच आहे, म्हणून नजर तिथे जाते. ताईंच्या खोलीत पॉलिशचा पलंग आहे, चकचकीत सनमायका आहे, लोखंडी कपाट आहे. तिथे इमल्शनचा मातकट रंग लावला तर मातीचा रंग येईल, मातीचा पोत येणार नाही. पण बापूकुटीतून दोन गोष्टी जरूर घ्याव्यात. भिंतीला चमक नको, संपूर्ण मॅट घ्या. आणि पलंगावर पांढरी किंवा अगदी फिकट खादीची चादर टाका. वर्ध्यात १९३८ पासून मगन संग्रहालय आहे, तिथे वनस्पतींच्या रंगात रंगवलेली खादी मिळते. पडद्यासाठी नीळ किंवा हिरड्यातला रंग निवडला, तर भिंत आणि लाकूड यांच्यामधला दुवा तिथेच सापडेल.

आता उजेडाबद्दल, कारण आपल्याकडे तो वेगळ्या तऱ्हेने अडतो. वर्ध्यात पारा ४५ च्या वर जातो आणि एप्रिल ते जून निजायच्या खोलीची खिडकी कूलरने भरलेली असते. म्हणजे वर्षातले तीन महिने ही खोली दिवसाही दिव्यावर चालते. शेड कार्ड दुकानाच्या दारात उन्हात धरून रंग ठरवणाऱ्यांना नेमकी हीच खोली फसवते. ६५०० केल्विनचा पांढराफेक एलईडी निळ्याला आणखी थंड करतो आणि सागातली लाली खाली बसवतो; स्वस्त एलईडीत लाल भाग तसाही कमी पडतो. २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात सागवान खुलतं आणि फिकट निळा राखाडी होतो. ताईंनी निळा निवडला तर दिवा पिवळसरच घ्यावा आणि रंग त्याच दिव्याखाली ठरवावा. खिडकी बंद राहणार, म्हणून भिंतीने उजेड परत द्यायला हवा. बऱ्याच कंपन्या शेडच्या मागे परावर्तनाचा आकडा छापतात. तो ६५ ते ७५ मधला पाहावा. कॉफीसारख्या शेडचा आकडा यापेक्षा खूपच खाली असतो.

शेड कार्डावरचा चौकोन चार भिंतींवर गेला की गडद होतो, कारण भिंती एकमेकींवर रंग टाकतात. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट घ्यावी. नमुना भिंतीवर न लावता दोन फुटांच्या प्लायच्या तुकड्यावर दोन हात देऊन लावावा आणि तो उशाकडच्या फळीच्या मागे उभा करावा. सकाळी पाहावा, चारच्या उन्हात पाहावा, रात्री दिव्यात पाहावा. भिंतीच्या जुन्या रंगाजवळ नमुना लावला तर तोच शेजाराचा घोळ होतो, जो गोब्लँच्या विणकरांना छळत होता.

माझी शिफारस : राखाडीकडे झुकणारा फिकट निळसर हिरवा, चारही भिंतींना एकच, मॅट. छत पांढरं. एक भिंत वेगळी काढायची गरजच नाही. या खोलीतला उठावाचा भाग पलंग आहे.

राहिलं लोखंडी कपाट. भिंतीचा सुचवलेला रंग त्या कपाटाच्या हिरवट राखाडीच्याच जातीचा आहे, फक्त बराच फिकट, त्यामुळे ते भिंतीत बरंचसं मुरेल. त्यावर तपकिरी स्प्रे मारून सागाची नक्कल करू नका. कपाटाच्या दाराला आरसा असेल तर तो खिडकीसमोर येणार नाही एवढं पाहा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. कूलरच्या ओलीने मागच्या भिंतीला लोणा धरतो, तिथे हवा खेळती राहिली तर रंग टिकेल.